घोणशीचा डिसेंबर

डिसेंबरात साप निघत नाही, असं मी एकदा फोनवर एका शेतकऱ्याला ठासून सांगितलं होतं. साप धरायला लागून तेव्हा दोनच पावसाळे झाले होते. ‘भाऊ, अजगराचं पिल्लू आहे. तुरीच्या पेंढ्यांखाली बसलंय, कुकरसारखं फुसफुसतंय,’ तो म्हणाला. ‘कुकर’ ऐकलं आणि मी मुकाट्यानं गाडीची किल्ली घेतली. शहरातल्या उस्मानपुऱ्यातून रूळ ओलांडून साताऱ्याच्या डोंगराच्या बाजूला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पेंढ्यांखाली चांगली चार फुटी घोणस होती, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके. दोन पावलांवर दुसरी. शेतकरी काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

घोणशीचा मिलनाचा काळच हिवाळा. नर मादीच्या शोधात फिरतात, एकमेकांशी झुंजतात, सकाळी बांधावर ऊन खात पडतात. शीतनिद्रेची कल्पना आपण थंड देशांतल्या पुस्तकांतून घेतली. युरोपातला अ‍ॅडर साप खरंच महिनोन्‌महिने जमिनीखाली असतो. आपली मराठवाड्याची थंडी इतकी कुठली! इथला साप फार तर वेळ बदलतो: उन्हाळ्यात तिन्हीसांजेनंतर निघणारा नाग थंडीत दुपारच्या उन्हाला येतो. हिवाळ्यात जुळलेल्या घोणशी साधारण मे ते जुलैत वितात. अंडी नाहीत, थेट पिल्लं. एका खेपेला वीस-तीस, कधी त्याहून जास्त. वीतभर लांबीची, पण विष पहिल्या दिवसापासून.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. तारीख, जागा, वेळ, कोणता साप, ऊन की पाऊस. जून ते सप्टेंबरची पानं गच्च, बाकीची विरळ. पावसानं बिळं भरतात, उंदीर-बेडूक हलतात, त्यांच्यामागे साप हलतो. उन्हाळ्यात घातलेली नागाची अंडी दोनेक महिन्यांनी फुटून पिल्लं न्हाणीघराच्या मोरीत सापडू लागतात. ती नेमकी नागपंचमीच्या सुमारास सापडली की घरातली आजी हात जोडते आणि दूध मागवते. साप दूध पीत नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात फोन का वाढतात, हे पावसावरून सुटेना. मग एकदा बायको माळा झाडताना मला दिसली. फोन साप करत नाही, माणूस करतो! माणूस अडगळ उपसतो तेव्हा साप ‘निघतो’. दारं लावून बसतो तेव्हा साप ‘नसतो’. इतकी वर्षं मी सापांची म्हणून जी वही लिहीत होतो, तिच्यात निम्मी तर माणसांचीच हालचाल होती.

मण्यारीच्या बाबतीत हे फार जड जातं. दिवसा ती डोकं वेटोळ्यात खुपसून गप्प असते, रात्री मात्र चपळ. उकाड्याच्या आणि पावसाच्या रात्री माणसं जमिनीवर अंथरूण टाकतात, आणि ती उंदराच्या, नाहीतर दुसऱ्या एखाद्या सापाच्या मागावर घरात शिरते. चावा जवळजवळ कळत नाही. ना सूज, ना फारसं दुखणं. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. घाटी रुग्णालयात पोचायला तेवढाच उशीर होतो.

पीर बाजाराकडच्या एका बैठ्या घरातून रात्री दोनला फोन आला होता: ‘भाई, काला है, पट्टे है, जल्दी आओ.’ पोचलो तर कवड्या, बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीचं बरोबर उलटं. घरातल्या पोरांना बरणीतला साप दाखवून हे समजावलं. तरी निघताना मच्छरदाणी घ्या म्हणालो. कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते.

फुरशाचं माझ्या वहीत फारसं काही नाही. ते डोंगरातल्या दगडांखाली राहतं, अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करतं, आणि गल्लीत क्वचित येतं. त्याच्या अंगणात आपणच दगड उचलायला जातो.

हल्ली वहीत एक रकाना वाढवलाय: माणूस काय करत होता. त्यानंतर हिवाळ्याची विरळ पानं मी वेगळ्या नजरेनं वाचतो. कापूस वेचत होती. तुरीच्या पेंढ्या उचलत होता. शेताची लाइट रात्रीची, म्हणून गव्हाला पाणी द्यायला अंधारात गेला होता. घोणस, घोणस, घोणस.

गेल्या हिवाळ्यातली शेवटची नोंद अशी आहे: ‘रात्री ८. गव्हाला पाणी. घोणस, पाटाच्या कडेला. चावा नाही. पायात गमबूट, पोराचे, एक नंबर लहान.’