भाकरी आणि कोरड्यास

कलबुर्गी आणि बिदर या सरहद्दीवरच्या जिल्ह्यांत "जेवलात का?" असे फारसे कोणी विचारीत नाही. "भाकरी खाल्ली का?" हाच येथला कुशलप्रश्न. ज्याच्या पानात त्या दिवशी चार पदार्थ पडले तोही "भाकरी झाली" असेच उत्तर देतो. आणि त्या भाकरीबरोबर जे काही असेल, पातळ वा घट्ट, डाळ वा पाला, त्या साऱ्यास मिळून एकच नाव: कोरड्यास. परका मनुष्य हा शब्द ऐकून एखाद्या कोरड्या पदार्थाची वाट पाहतो आणि ताटलीत वाफाळलेली आमटी आलेली पाहून बुचकळ्यात पडतो. कोरडी भाकरी ज्याच्यामुळे घशाखाली उतरते ते कोरड्यास, असा मी आपला माझ्यापुरता अर्थ लावून ठेवला आहे. व्युत्पत्तिशास्त्र्यांशी वाद घालण्याची माझी तयारी नाही.

या भाकरी-कोरड्यासात दूधतुपाचा स्पर्शही बहुधा नसतो. वनस्पतीखेरीज काही न खाणाऱ्यांसाठी इंग्लंडात १९४४ साली 'व्हीगन' हा शब्द घडविण्यात आला. आपल्याकडे २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या आहाराची नियमावली केली आणि त्याला कायद्याची व्याख्याही मिळाली. मी ती नियमावली वकिलाच्या सवयीने वाचली, आणि माझ्या ध्यानी आले की आमच्या भागातल्या कितीतरी शेतमजुरांच्या चुली ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या नकळत पाळीत आल्या आहेत. व्रत म्हणून नव्हे; घरी दूध निघालेच तर ते विकावयाचे असते म्हणून.

बेंगळुरात नोकरी करणारी माझी पुतणी मात्र हे व्रत म्हणून पाळते. गोठ्यांतल्या गाईवासरांची दशा कुठेसे पाहून तिने दूध सोडले, आणि त्या सोडण्यात करुणा आहे याविषयी मला शंका नाही. पण वर्षभराने तिचा दूरध्वनी आला तो तक्रारीचा. "काका, दूध सोडले तर किराण्याचे बिल दुप्पट झाले!" मी यादी विचारली. बदामाचे दूध, काजूचे लोणी, परदेशी धान्याची पाकिटे. मी म्हटले, "बाळ, तू दूध सोडलेस, पण दुधाची जागा सोडली नाहीस. रिकामी खुर्ची सजविण्यातच तुझा पगार चालला आहे." तिला हे पटले की नाही कोण जाणे, पण तिने कृती विचारल्या, आणि आमच्या घरात त्या दिवसापासून दर रविवारी दूरध्वनीवर पाकशाळा भरू लागली. एक गोष्ट मी तिला प्रथमच बजावली: 'ब-१२' हे जीवनसत्त्व पाल्या-डाळींतून मिळत नाही, तेव्हा त्यापुरते वैद्याचे ऐकावयाचे. आमच्या आईला चिंता निराळीच होती. नातीच्या देवघरात नैवेद्याला तूप नाही, मग देव जेवणार कसा? गीतेत भगवंतांनी भक्ताकडून ज्या चार वस्तू मागितल्या, त्या पान, फूल, फळ आणि पाणी, याची मी तिला आठवण करून दिली. तिने मान हलविली. तरीपण अधूनमधून ती नातीला "देवापुरते तरी" असे सुचवीत असते, आणि मी त्या खटल्यात वकीलपत्र घेत नाही.

हे दूध वगळून शिजविण्याचे शिक्षण आमच्या घराला मिळाले ते मात्र दुसऱ्याच एका टंचाईतून. आजोबा कारवाराकडून येथे वकिलीसाठी आले तेव्हा हा प्रांत निजामाच्या राज्यात होता. आजीचा संसार नारळावर उभा. वाटण नारळाचे, रस नारळाचा, फोडणीसुद्धा खोबरेलाची. आणि या काळ्या मातीच्या मुलखात नारळ म्हणजे देवळात फोडावयाची वस्तू. शेजारच्या लिंगायत अक्कांनी तिला प्रथम शेंगदाण्याचे कूट दाखविले, मग तीळ, मग कारळे, मग जवस. खोबरेलाच्या जागी करडईचे तेल आले. आजी सांगे की पहिले सहा महिने तिला प्रत्येक पदार्थ दुसऱ्याच्या घरचा वाटे. एकच पदार्थ जसाच्या तसा राहिला: दाळितोय. त्याला मुळी नारळ लागतच नाही. तूर, हिंग, हिरवी मिरची, मोहरी, बस्स. उलट येथे आल्यावर त्याची चव वाढली, कारण डाळ येथलीच. गुलबर्ग्याच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला तेव्हा आजी हयात नव्हती. असती तर म्हणाली असती की सरकारला कळावयास इतका वेळ का लागला.

पण अक्कांनी दिलेल्या विद्येतले शिरोमणी कोरड्यास म्हणजे अंबाडी. कानडीत तिला पुंडी म्हणतात आणि त्या भाजीला पुंडीपल्ले. चौघांच्या घराला एक वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची एक मोठी जुडी पुरते. डाळ आणि कण्या तासभर भिजत घालाव्या, इंधन वाचते. अंबाडी फार आंबट असेल तर पाला एकदा उकळून ते पाणी टाकावे, कोवळी असेल तर टाकू नये. मग डाळ, कण्या, पाला आणि हिरव्या मिरच्या एकत्र शिजवून रवीने नव्हे, पळीच्या पाठीने घोटावे. रवीने त्याची पेज होते. शेवटी तेलात ठेचलेला लसूण लाल होईतो परतून ते वर ओतावे. तेल दोन चमचे. सोबत भाकरी, फोडलेला कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. ज्यांच्या घरी कांदा-लसूण चालत नाही त्यांनी हिंगाची फोडणी द्यावी. पदार्थ निराळा होतो, वाईट होत नाही.

यातले शास्त्र मला पुढे वाचनातून कळले. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते तुरीत विपुल असते, तुरीतली उणीव ज्वारी भरून काढते. आणि आंबट पाल्याच्या संगतीने धान्य-डाळींतले लोह अंगी अधिक लागते. अक्कांनी हे कोठे वाचले नव्हते. त्यांचा हिशेब इतकाच होता की ही थाळी खाऊन शेतात गेलेला मनुष्य दिवेलागणीपर्यंत भूक काढत नाही.

अंबाडीचा हंगाम सरला की दुसरी कोरड्यासे आहेतच. डाळीत कणकेचे तुकडे सोडून केलेली वरणफळे, कुळथाच्या पिठाचे शेंगोळे, झुणका, मोड आलेल्या मटकीची उसळ. वेळ अमावास्येला शेतात कडब्याच्या खोपीत पांडव मांडून पूजा होते, त्या दिवशीची भज्जी तर शेतात जे जे हिरवे असेल त्या सर्वांची एका भांड्यातली मिळवणी असते. (तिच्या जोडीची आंबील ताकाची, पुतणीने ती वगळावी.)

गाणगापूर आमच्या जिल्ह्यातले. तेथे आजही दुपारी सेवेकरी झोळी घेऊन पाच घरची माधुकरी मागतात, आणि घरोघरच्या भाकरीचे तुकडे एका झोळीत येतात. गुरुचरित्र वाचणाऱ्यास अठराव्या अध्यायातला तो अमरापूरचा दरिद्री ब्राह्मण आठवेल. कोरान्नाची भिक्षा मिळाली नाही की दारच्या वेलावरच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून घर चालत असे. श्रीगुरू भिक्षेस आले, तीच भाजी जेवले आणि जाता जाता तो वेल उपटून गेले. खाली द्रव्याचा कुंभ निघाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. (आज निघाला असता तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास खबर द्यावी लागली असती.) पण कुंभ सापडण्यापूर्वी, वेल उपटलेला पाहून त्या घरची बाई रडली, हे कथेत आले आहे, आणि माझे मन नेहमी तेथे थबकते. आपण तिच्या रडण्याला अज्ञान समजून पुढे जातो. मला वाटते, त्या घरात संसाराचा हिशेब एकटीलाच येत होता. उद्याचे कोरड्यास गेले, हे तिला तत्क्षणी कळले.

ही बाई मला पुन्हा भेटली ती न्यायालयात. भालकीकडची, मराठी बोलणारी, नवऱ्याने टाकलेली, दोन मुले पदरी. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मिळकत आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात ठरवून दिले आहे. तिचा खर्च मी लिहून घेऊ लागलो. ज्वारी, तूर, शेंगदाणे, तेल, मीठ, तिखट, पाला. दुधाच्या रकान्यात तिने "नको" म्हणून सांगितले. मी म्हटले, "ताई, मुलांना दूध लागत नाही का?" ती म्हणाली, "लागतंय की साहेब, पण आम्ही घेत न्हाई. घेत न्हाई ते कसं लिवायचं?" प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथ; तिचे म्हणणे माझ्या पुस्तकांपेक्षा अधिक काटेकोर होते. मी "मुलांच्या दुधाची गरज, पैशाअभावी न भागलेली" असे निराळे कलम घातले.

उलटतपासणीत प्रतिपक्षाच्या वकिलांनी नेमके तेच धरले. या भागात भाकरी आणि चटणीवर माणूस सुखाने जगतो की नाही? अंबाडीला पैसे किती पडतात? मग इतकी पोटगी कशाला? मी जागच्या जागी अस्वस्थ झालो. ज्या जेवणाची मी मित्रमंडळीत वर्षानुवर्षे स्तुती केली, तेच जेवण या बाईच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे होते. स्वस्त अन्नाची थोरवी गाणाऱ्यांनी, आणि त्यात मी आलोच, हा प्रसंग एकदा पाहावा.

उत्तर तिनेच दिले. भाकरी स्वस्त आहे, पण ती आपली आपण होत नाही. ज्वारी निवडावयाची, दळून आणावयाची. पीठ जुने झाले की त्याला विरी राहत नाही, भाकरी थापताना फाटते, म्हणून दर आठवड्यास ताजे दळण. मग उकळत्या पाण्यात पीठ मळून एकेक थापावयाची. किलोभर पिठाच्या दहाबारा भाकऱ्या, त्यास तास-दीड तास. सकाळी सातला मजुरीचे वाहन निघते. ती पाचला उठते म्हणून ते जेवण स्वस्त आहे. ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवशी शिधापत्रिकेचा भात आणि वर तिखट.

तिच्या या बोलण्यात सबंध प्रांताची गोष्ट आली होती. कर्नाटकात २०१३ साली अन्नभाग्य योजना सुरू झाली, घरोघरी तांदूळ आला, आणि त्याने अनेक घरांची उपासमार टाळली. त्या योजनेस नावे ठेवणारा मी नव्हे. पण रेशनचा तांदूळ जवळजवळ फुकट आणि ज्वारी विकत, असा उलटा काळ आला. शेतातही बिदरकडे सोयाबीन, कलबुर्गीकडे तूर वाढली आणि ज्वारी मागे सरली. भाकरी, जी गरिबाची म्हणून हिणवली जात होती, ती पाहता पाहता सवड असणाऱ्याची झाली. २०२३ हे तर भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरांतल्या उपाहारगृहांत ज्वारी थाटाने मिरवली.

दावा मंजूर झाला. रक्कम आम्ही मागितली तीहून कमी, नवऱ्याने देऊ केली तीहून पुष्कळ अधिक. तिने आणि तिच्या मुलांनी त्यावर निभावून नेले असते, पण २०२२ च्या हंगामात कलबुर्गीकडे तुरीला मर रोगाने झोडपले, डाळ कडाडली, आणि २०२३ च्या जून महिन्यात केंद्र सरकारला तुरीच्या साठ्यांवर मर्यादा घालावी लागली. ती पुन्हा माझ्याकडे आली. डाळ महाग झाली म्हणून पोटगी वाढते का, असा तिचा प्रश्न. परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागता येते, अशी तरतूद कायद्यात आहे. बदललेली परिस्थिती म्हणून पहिल्या कलमात मी तुरीचा भाव लिहिला. असा अर्ज मी पूर्वी कधी लिहिला नव्हता.

सुनावणीला दंडाधिकारी नवे होते, जुन्या म्हैसूरकडचे. त्यांनी अर्ज वाचला आणि कानडीत विचारले, मग तुरीच्या जागी सध्या घरात काय शिजते? मी प्रश्न तिला मराठीत सांगितला. ती म्हणाली, "कुळथाचे शेंगोळे." लेखनिकाला शब्द कळेना. मी "हुरळी" असे सांगितले. दंडाधिकाऱ्यांना हुरळी चांगलीच ठाऊक असावी. त्यांनी मान वर केली, तिच्याकडे एकदा पाहिले, आणि लेखनिकाकडून कागद मागून घेऊन तो शब्द स्वतःच्या हाताने लिहिला.