कतारच्या किनाऱ्यावर क्युबाचा ताल

अरबी आखातात जिभेप्रमाणे पुढे आलेल्या कतार या छोट्या देशाविषयी आपल्या बेटावरील सामान्य वाचकास जी माहिती असते, ती बहुधा तेल, नैसर्गिक वायू आणि २०२२ साली तेथे झालेली विश्वचषक फुटबॉलची स्पर्धा एवढ्यापुरतीच असते. हा देश तेलाने श्रीमंत झाला हे खरे. परंतु दुखान येथील तेल परदेशी जाऊ लागले ते १९४९ साली. त्यापूर्वी कित्येक पिढ्या तेथील माणूस मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्याचे चार महिने गलबते समुद्रातच मुक्काम करीत. नाकाला चाप लावून आणि पायाला वजन बांधून पाणबुडे तळाशी जात. गलबतावर ‘नहाम’ नावाचा गायक असे, कारण वल्ही मारणे, शीड चढविणे, नांगर ओढणे ही सारी कामे गाण्याच्या तालावर चालत. त्या गाण्यांना साथ असे ती ‘मिरवास’ या लहानशा दुतोंडी ढोलाची आणि ‘जहला’ची. जहला म्हणजे केवळ पाण्याचे मातीचे मडके. त्यावर चामडे नाही, दोरी नाही. तोंडावर व पोटावर हाताने आघात करावयाचा. गोव्याकडचे घुमट ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा नाद परका वाटणार नाही. पुढे जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, जगभर मंदी आली आणि १९३० नंतर तो धंदा बसला. गाणी मात्र उरली. दोह्यात कतारा येथे भरणाऱ्या गलबतांच्या उत्सवात ती आजही ऐकावयास मिळतात.

या किनाऱ्यावर आणखी एक वादनपरंपरा आहे आणि तिच्याविषयी तेथे पुष्कळ दिवस मोकळेपणाने बोलले जात नसे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून व सुदानकडून पकडून आणलेल्या माणसांनी आपल्याबरोबर ढोल आणले. खरे म्हणजे ढोल आणण्याची सोय त्यांना कोठून असणार, त्यांनी हात आणले आणि ढोल येथे येऊन केले. त्यांच्या ‘लैवा’ नृत्यात स्वाहिली शब्द अद्याप सापडतात. ‘तंबुरा’ हे नाव आपल्या तंबोऱ्यासारखे असले तरी ते वाद्य निराळे. ते एक तंतुवाद्य असून त्याच्या साथीला वादक बकऱ्याच्या खुरांचा पट्टा कमरेस बांधून नाचतो. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९५२ साली. ज्या माणसाच्या आजोबांची खरेदी झाली होती, असा माणूस आज दोह्याच्या रस्त्यावर भेटू शकतो. २०१५ साली मुशैरिब भागात ‘बिन जलमूद हाऊस’ या जुन्या वाड्यात गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय उघडण्यात आले, ही गोष्ट त्या समाजाच्या दृष्टीने लहान नव्हे.

आता याच शहरात आफ्रिकेचा ढोल दुसऱ्या दिशेनेही येऊन पोहोचला आहे, आणि तो अटलांटिक महासागराचा वळसा घालून. उंच पिंपासारखा, एका अंगाला चामडे मढविलेला, दोन्ही हातांनी वाजवावयाचा हा क्युबाचा ढोल. जग त्याला कोंगा म्हणते, मुंबईचे वादक कोंगो म्हणतात. दोह्यात नाना देशांचे लोक पोट भरण्यास आलेले असल्यामुळे फिलिपिनो गिटारवाला, लेबनॉनचा पियानोवाला, गोव्याचा कॉर्नेटवाला असे पथक सहज जमते. अशा पथकात कोंगोवर रत्नागिरी जिल्ह्यातील एक गृहस्थ बसला आहे, असे वाचकांनी कल्पावे. कोकणातून आखातात जाणाऱ्यांची वाट जुनी आहे, तेव्हा ही कल्पना फार ताणलेली नाही. त्याच्या नावाचे येथे कारण नाही.

तो प्रथम आला तो सेंट्रिंगचा सुतार म्हणून. गावी गणपतीत जाखडीच्या फडात तो मृदंग वाजवीत असे. जाखडी म्हणजेच आपल्याकडची झाकरी. मध्ये गाणारे व वाजविणारे बसावयाचे आणि भोवती पायांत चाळ बांधून नाचणाऱ्यांनी फेर धरावयाचा. फळ्या ठोकणारा हात आणि मृदंग वाजविणारा हात एकच असला की दोहोंचे जमत नाही. बोटाला हातोडी लागली की महिनाभर वादन बंद. तळहाताला घट्टे पडले की बोल दबतात. काही वर्षांनी त्याला गोदामात नोंदी ठेवण्याचे काम मिळाले. पगार तेवढाच, परंतु बोटे वाचली, म्हणून तो त्या बदलाला बढतीच समजतो.

रत्नागिरीच्या हाताला क्युबाचे वळण पूर्वीच थोडे लागलेले होते, आणि ते मुंबईच्या चित्रपटांनी लावले होते. बोंगो-कोंगो ही वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविणाऱ्यांत कावस लॉर्ड या पारशी वादकाचे नाव प्रथम घेतले जाते. १९५१ सालच्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराने, गोव्याच्या चिक चॉकलेट यांच्या साहाय्याने, त्या ठेक्यांवर सारा देश नाचविला. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या संगीतात मारुतीराव कीर यांच्या हातांनी आणि अमृतराव काटकर यांच्या रेसो-रेसोच्या खरखरीने हे वळण घरोघर पोहोचले. खेड्यातील मुलाला तो ताल हवाना शहराचा आहे हे ठाऊक नव्हते. त्याला तो मुंबईचा वाटे.

परंतु चित्रपटातील ठेका वेगळा आणि क्युबाचा मूळ ताल वेगळा, हे त्याला दोह्यात आल्यावर कळले. या संगीताच्या मुळाशी क्लावे असते. क्लावे म्हणजे कठीण लाकडाचे दोन दांडके आणि त्यांवर वाजणारा पाच आघातांचा नियमही. एका खंडात तीन आघात, दुसऱ्यात दोन. प्रत्येक वादकाला तो मनात धरावा लागतो, वाजत असो वा नसो. भारतीय तालात वाढलेला कान समेची वाट पाहतो. कितीही फिरून आले तरी अखेर सम गाठावयाची, तिच्यावर ठासून थाप द्यावयाची, श्रोत्यांनी मान हलवावयाची, हा आपला आनंद. क्युबाच्या चालीत खालचे मंद्र वाद्य नेमके पहिल्या मात्रेवर बहुधा गप्प राहते. ते तिच्या थोडे अलीकडेच बोलून मोकळे होते, आणि कोंगोच्या खुल्या थापाही खंडाच्या शेवटाकडे पडतात. जेथे पाय टेकावयाचा तेथे जणू पायरीच नाही! पहिले कित्येक आठवडे आपल्या गृहस्थाचा हात रिकाम्या जागी आपोआप पडे आणि पियानोवाला हसून थांबे. मृदंगातील त्याची तयारी येथे अडसरच ठरली. अखेर तो मात्रा मोजण्याऐवजी ती पाच टिंबे पायाने धरून चालू लागला, गोदामातून बसपर्यंत रोज.

या तालाचा जन्म ज्या मळ्यांत व बंदरांत झाला त्यांची हकिकत मॉरिशसच्या वाचकांना ओळखीची वाटेल. क्युबातही ऊस होता आणि उसासाठी आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. तेथील गुलामगिरी संपली ती १८८६ साली, म्हणजे मॉरिशसनंतर अर्ध्या शतकाने. हवाना व मातांसास येथील गोदीवर काम करणाऱ्यांनी मालाची रिकामी खोकी ढोल म्हणून वाजविली आणि त्यांतून रुंबा वाढला. फेर्नांदो ओर्तिस या विद्वानाने या वाद्यांवर पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड १९५२ सालचा, योगायोगाने कतारमधील गुलामीमुक्तीच्याच वर्षाचा. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. १८४७ ते १८७४ या काळात सुमारे सव्वा लाख चिनी मजूर आठ आठ वर्षांच्या कराराने क्युबात नेण्यात आले. त्यांना वागणूक मिळाली ती शेजारी राबणाऱ्या गुलामांहून फार वेगळी नव्हती. त्यांच्या देशची एक सनई सांतियागो शहराच्या उत्सवातील ढोलांत मिसळली आणि आजही तेथे आफ्रिकी ढोलांच्या वर तीच गर्जते. कतारच्या लैव्यातही ढोलांच्या वर ‘सुरनाई’च असते. सनई-चौघड्यावाचून ज्यांच्या घरचे लग्न लागत नाही त्यांनी या कुटुंबाचा विस्तार अवश्य लक्षात घ्यावा.

दोह्यातील वादकाचे दैनंदिन जीवन मात्र एवढ्या रम्य योगायोगांचे नाही. समुद्राकडून दमट वारा सुटला की चामडे ढिले पडते आणि स्वर उतरतो. वातानुकूलित दिवाणखान्यात शिरताच तेच चामडे ताणून चढते. एकाच संध्याकाळी चावीने तीन-तीन वेळा ढोल लावावा लागतो. रमजानच्या महिन्यात वादन थांबते. ज्याच्याशी करार त्याच्याकडेच काम, असा तेथील मूळ नियम असल्याने दुसरीकडे पैसे घेऊन वाजवावयाचे तर परवानगी लागते. म्हणून त्याचा मोबदला म्हणजे रात्रीचे जेवण आणि घरी सोडणारी मोटार. २०२० च्या कायद्यानंतर जुन्या मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येऊ लागली. त्यापूर्वी तेही कठीण होते. ज्यांच्या पणजोबांच्या नावाचा कागद आप्रवासी घाटावरून मळ्यावर गेला, त्यांना या नियमांचे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही.

एका हिवाळ्यात त्याच्या कानी लैवा पडला. नाचणाऱ्यांचा मोठा फेर, मध्ये ढोल, आणि फेराच्या आतून सुरनाई वाजवीत फिरणारा म्हातारा. त्याला प्रथम आठवली ती गावची जाखडीच. ओळख काढून तो त्या मंडळींत जाऊ लागला. कोंगो वाजविणारा म्हणून कोणी त्याला मोठा ढोल दिला नाही, आणि ते योग्यच झाले. लैव्यात पत्र्याचा डबाही काठ्यांनी वाजवितात. तो त्याच्या पुढ्यात आला. पुष्कळ दिवस तो डबाच वाजवीत राहिला. ढोल वाजविणाऱ्यांपूर्वी एक माणूस जाळ पेटवी आणि चामडी त्या आचेवर धरून ताणून घेई. क्युबातही लोखंडी पेच येण्यापूर्वी ढोलाचे कातडे असेच विस्तवाजवळ न्यावे लागे. महाराष्ट्रात हलगी शेकतात. मॉरिशसमध्ये रावानचे बकऱ्याचे कातडे शेकतात.

रावानचा उल्लेख आल्यावर थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. १८३५ साली गुलाम मुक्त झाले, त्यांनी सोडलेल्या शेतांवर आपले पूर्वज आले, आणि दोन्ही समाजांत अंतर पडले ते पिढ्यान्पिढ्या राहिले. सेगा म्हणजे काहीतरी हलके, दारूच्या संगतीचे, अशी समजूत कित्येक मराठी घरांतून होती. मुलगा रावानला हात लावताना दिसला तर घरात बोलणी बसत. २०१४ साली युनेस्कोने सेगाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले, तेव्हा त्याच घरांतून अभिनंदन झाले. या समजुतीचे मूळ केवळ या बेटावर शोधणे अन्यायाचे होईल. कोकणातून व देशावरून निघालेल्या गलबतांत चामड्याचा विटाळही बरोबर आला होता. ढोलकी देवापुढे वाजवावी, परंतु ती मढविणाऱ्यास अंगणातच उभे करावे. हलगीशिवाय मिरवणूक निघू नये, परंतु हलगी वाजविणाऱ्या महार-मांगांनी पंक्तीला बसू नये, ही रीत तेथली होती. कतारमधील लैवावाल्यांची अवस्था याहून निराळी नव्हती. लग्नात त्यांना बोलावीत, सोयरीक मात्र त्यांच्याशी करीत नसत.

आपल्या गृहस्थाने हे सारे कोठे वाचलेले नाही. त्याच्या घरीही मृदंगाला पुडी बसविणारा माणूस ओटीवर चढत नसे. दोह्यात त्याने जाळाशेजारी बसून चामडे कसे फिरवावे, ते करपण्यापूर्वी आवाजावरून कसे ओळखावे, हे लैवावाल्या म्हाताऱ्याकडून शिकून घेतले. त्यानंतर गणपतीच्या रजेवर गावी आल्यावर तो प्रथम गेला तो त्या पुडी बसविणाऱ्याच्या दारी, आणि त्याच्या पडवीत दोन तास बसला. घरी आई काही बोलली नाही. चहाचा पेला मात्र तिने थोडा जोराने ठेवला.

रात्री फड उभा राहिला. पहिल्या बारीला मृदंग त्याच्याकडे देण्यात आला. हात सुंदर चालत होता, परंतु मधूनच एखादी थाप अलीकडे पडे आणि पहिली मात्रा मोकळी राही. नाचणाऱ्यांतील दोघांचे पाऊल चुकले. बारी संपल्यावर म्हातारे बुवा जवळ आले.

“हात सुटलाय रे तुझा,” ते म्हणाले, “पण सम कुठे ठेवून आलास?”

“तिथे ती बोलायची नसते, बुवा. धरून ठेवायची असते.”

बुवांनी पानाची चंची उघडली, बराच वेळ सुपारी कातरली, आणि दुसऱ्या बारीसाठी मृदंग पुन्हा त्याच्याकडेच सरकविला. “धरलेली मला दिसू दे म्हणजे झाले,” असे म्हणून ते झांजा घेऊन त्याच्या समोर बसले.