परसातला लिंब

आमच्या कळंबच्या घरामागे दहा पावले लांब आणि सहा पावले रुंद एवढेच परस आहे. त्यात कढीपत्त्याचे एक झाड, वांग्यांची चार, टोमॅटोची सहा रोपे, भिंतीवर चढलेला दोडक्याचा वेल आणि शेवंतीच्या दोन कुंड्या. यापलीकडे माझी मालमत्ता नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवले. २०१५ साली निवृत्त झाले, तेव्हा वाटले, आता या मातीकडून काही शिकावे. ती अशी कठोर शिक्षिका निघेल, याची मात्र कल्पना नव्हती.

पहिलाच धडा दुष्काळाचा होता. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातला कोणीही माणूस विसरणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या घरी तांदूळ धुतलेले पाणी भाजीला, भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे शेवटचे विसळण रोपांना, असा क्रम होता. तांब्याने मोजून घातलेल्या त्या पाण्यावर माझी चार-पाच झाडे जगली. ज्याला आपण तहानेतून वाचवतो, त्याच्यावर आपला जीव जडतो. त्या वैशाखात सगळे करपून गेलेले असताना शेजारच्या कुंपणापाशी एक झाड मात्र नव्या पालवीने हिरवेगार उभे होते. ते कडुनिंबाचे. आमच्याकडे त्याला नुसते लिंब म्हणतात. मी त्याची सावली रोज घेत होते, परंतु त्याच्याकडे मान वर करून कधी पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. परस बहरले आणि श्रावणात मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर हिरवट-काळसर कणांची दाट पुटे चढली, पाने खाली वळली, त्यांवर चिकट गोड रस साचला आणि तो रस चाटायला मुंगळ्यांची रांग लागली. मुंगळे माव्याला गुराख्यासारखे जपतात, हे मी पुस्तकात वाचले होते. आता प्रत्यक्ष पाहत होते. ज्यांना दुष्काळात तांब्याने पाणी घातले, ती रोपे डोळ्यांदेखत आकसत चालली होती. मी अस्वस्थ झाले आणि अस्वस्थ माणूस करतो तेच केले. बाजारात गेले आणि सर्वांत जालीम औषध मागितले.

मिळालेली बाटली शेतासाठीची होती. तिच्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण होता. मी त्याकडे लक्ष दिले नाही. आपल्या देशात कीटकनाशकाच्या वेष्टनावरचा तो त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हे मी पुढे शिकले. त्या दिवशी मी, शिकवण्यात हयात घालवलेली बाई, स्वयंपाकघरातल्या चमच्याने औषध मोजून, उघड्या हाताने ढवळून मोकळी झाले. संध्याकाळपर्यंत मावा मरून पडला. त्याबरोबर मावा खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरेही मरून पडले होते. मला फक्त विजय दिसला.

तिसऱ्या दिवशी मुलगी माहेरी आली. तिचा चार वर्षांचा मुलगा परसात खेळता खेळता टोमॅटो तोडून न धुता खाऊ लागला. मी दारातून पाहिले तेव्हा त्याच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. मला त्या क्षणी चमचा आठवला, बाटली आठवली आणि पायांतले बळ गेले. रात्री त्याला उलट्या झाल्या. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बाटली मागितली, ती दाखवताना माझा हात कापत होता. एक रात्र त्याला देखरेखीखाली ठेवले. सकाळी तो हसत उठला आणि त्याने बिस्किट मागितले. उलट्या त्या टोमॅटोने झाल्या की प्रवासाने, हे कोणी निश्चित सांगितले नाही. परंतु त्या रात्री खाटेजवळ बसून मी स्वतःला जे विचारले, त्याला तशा निश्चितीची गरज नव्हती. मुलीने मला एका शब्दानेही दुखावले नाही. तिचे न बोलणेच मला अधिक जड गेले.

त्याच सुमारास, २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, यवतमाळ जिल्ह्यातल्या बातम्या येऊ लागल्या. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, शेकडो रुग्णालयांत पडले होते. त्या जिल्ह्यातही कळंब नावाचा तालुका आहे. त्यामुळे दूरच्या नातलगांचे घाबरे फोन आम्हाला आले. “आमचे कळंब ते नव्हे,” असे मी प्रत्येकाला सांगत होते आणि सांगताना मनात ओशाळत होते. पाठीवर पंप बांधून, तोंडाला साधे फडकेही न बांधता दिवसभर फवारणारा मजूर आणि चमच्याने विष मोजणारी मी, यांत फरक एवढाच होता की त्याला पोटासाठी ते करावे लागत होते.

मी ती बाटली पुन्हा उघडली नाही. मावा मात्र पुन्हा आला. या खेपेस तर त्याला खाणारे भुंगेरेही उरले नव्हते. एके दिवशी मी हाताने पाने पुसत बसले असता कुंपणापलीकडून शेजारच्या मावशींनी हाक मारली, “काय करायलाव बाई?” मी सांगितले. त्या हसल्या. “दारात लिंब हाय आन् तुमी दुकानात गेलाव?”

मावशी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण त्यांनी मला जे शिकवले, ते कोणत्याही चांगल्या शिक्षकाने शिकवावे तसे, एकेक पायरीने शिकवले. ज्येष्ठ-आषाढात पिकून खाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या वेचायच्या. पाण्यात चोळून त्यांचा गर काढायचा. बिया उन्हात नव्हे, सावलीत वाळवायच्या आणि हवा खेळेल अशा गोणपाटाच्या पोत्यात ठेवायच्या. लागतील तेव्हा कुटून घ्यायच्या. त्यांच्याकडे असे अर्धे पोते भरलेले होते. पाच किलो पूड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, साबणाचे पाणी घालून एकूण शंभर लिटर करायचे, हे शेतीचे माप. माझ्या परसाला एका लिटरला पन्नास ग्रॅम पूड पुरे. कृषी खात्याच्या माहितीपत्रकात पुढे मला हेच प्रमाण ‘पाच टक्के निंबोळी अर्क’ या नावाने भेटले, तेव्हा मावशींविषयीचा आदर दुणावला.

परंतु मी अजून सुधारले नव्हते. कुटण्याचा आळस करून मी बाजारातून निंबोळीचे तेल आणले. लिंबाचे आहे, मग भय कसले, अशा समजुतीने भर दुपारी, साबण न घालता, अंदाजाने पाण्यात ओतून फवारले. तेल पाण्यात मिसळत नाही, एवढे तर मी मुलांना शिकवीत होते! ते वर तरंगले, थोड्या पानांवर जाड थर बसला आणि दुसऱ्या दिवशी वांग्यांची पाने चट्टे पडून भाजली. मावशी म्हणाल्या, “लिंब काय करंल बाई, हातालाच धीर न्हाई.”

त्या एका वाक्यात निंबोळीचे सारे शास्त्र आहे. हे तेल किडीला जागीच मारीत नाही. निंबोळीच्या बियांतले ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीची खाण्याची वासना घालवते आणि अळीला कात टाकू देत नाही. कीड दोन-चार दिवस जिवंत दिसते, पण ती खात नाही, वाढत नाही. ज्याला संध्याकाळपर्यंत मेलेली कीड हवी, त्याला हे औषध खोटे वाटते. उन्हाने त्या द्रव्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून फवारणी सायंकाळी करावी आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी. एक लिटर कोमट पाण्यात आधी थोडा पातळ साबण मिसळावा, मग पाच मिलिलिटर तेल हळूहळू घालून पाणी दुधासारखे होईपर्यंत ढवळावे. आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी. मग पानांच्या पाठीवर फवारावे, कारण मावा तेथेच दडतो. थंडीत तेल गोठते, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवावी. तयार केलेले पाणी त्याच दिवशी संपवावे.

शास्त्रज्ञांनाही या झाडाने मान वर करून पाहायला लावले, ते टोळांच्या निमित्ताने. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सारी हिरवळ फस्त केली असताना कडुनिंब तेवढा अभंग राहिलेला हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिला. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या अर्काने पिके टोळांपासून राखता येतात, हे दाखविले. १९६८ साली इंग्लंडमध्ये ॲझाडिरॅक्टिन वेगळे काढण्यात आले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की ती पुरती उलगडायला १९८५ उजाडले आणि प्रयोगशाळेत ते घडवायला २००७.

याच झाडावरून एक कज्जाही झाला. निंबोळी तेलाने वनस्पतींवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९४ साली युरोपात अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना मिळाले. वंदना शिवा, मॅग्डा आल्फूट आणि सेंद्रिय शेतीची एक आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला आव्हान दिले. सुनावणीत पुण्याच्या एका कंपनीचे अभय फडके यांनी साक्ष दिली की १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांतल्या शेतांत निंबोळीच्या अर्काचे प्रयोग शेतकऱ्यांसमक्ष झाले होते. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले.

ही हकीकत वाचून मला आनंद झाला आणि एक गोष्ट टोचलीही. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान ज्यांच्या हातात होते, त्या मावशींसारख्या हजारो बायांची साक्ष कोठे नोंदलेलीच नव्हती. ज्याची तारीख आहे, ज्याचा साक्षीदार उभा राहतो, तेच जगाच्या दरबारात टिकते. त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली आणि मावशी सांगतील ते तारखेसह लिहू लागले.

त्या वहीत सावधगिरीचेही एक पान आहे. कडू ते सारे औषध, ही समजूत घातक आहे. निंबोळीचे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्यास गंभीर विषबाधा होते. ते पाजल्याने बालके दगावल्याची उदाहरणे आहेत. म्हणून बाटली उंच फडताळात, कुलपात. फुलांवर मधमाश्या असताना फवारू नये. भाजी धुतल्याशिवाय खाऊ नये. देवाने निर्माण केलेल्या झाडाचे झाले म्हणून ते निर्धास्त वापरावे असे नव्हे. त्याने आपल्याला विवेकही दिला आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात मावशी गेल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलांनी घर वाढविले आणि लिंब तोडावा लागला. मुलांची कुटुंबे वाढली होती, जागा थोडी होती. मी त्यांना बोल लावू शकत नाही. करवत चालू होती तेव्हा मी दार लावून आत बसले, एवढेच. आता आषाढात आम्ही रस्त्याकडेच्या झाडांखाली निंबोळ्या वेचतो. आम्ही म्हणजे मी आणि तोच नातू. तो आता मोठ्या वर्गात गेला आहे. निंबोळ्या कुटण्याचे काम त्याचे आणि वहीत तारीख घालण्याचेही त्याचेच.

परवा मी पिकलेला टोमॅटो तोडून त्याच्या हातावर ठेवला. तो लगेच तोंडात घालील असे मला वाटले होते. त्याने टोमॅटो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “आजी, धुतलास का?”

मी नळाकडे वळले. त्याला त्या रात्रीचे काहीही आठवत नाही. मला आठवते, तेवढे पुरे आहे.