खंजिरीसमोर माइक किती?

खंजिरी रेकॉर्ड करायला अवघड वाद्य आहे. लाकडी कड्यावर ताणलेलं चामडं, कड्याच्या खाचांत बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या, आणि हे सगळं गाणाऱ्याच्याच हातात, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर. चामड्याचा ठोका खर्जातला, चकत्यांचा खणखणाट पार वरचा. माइक खंजिरीशी नेला की चकत्या शब्दांवर चढून बसतात; लांब नेला की शब्द विरतात. आमच्या धंद्यातला सरधोपट उपाय असा, की खंजिरी आधी वेगळ्या ट्रॅकवर वाजवून घ्यायची आणि मग कानाला हेडफोन लावून तिच्यावर गायचं. अमरावतीत भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करताना मी हा उपाय कधीच वापरत नाही. गळा आणि मनगट एकमेकांपासून तोडले की वऱ्हाडातलं भजन शिल्लक राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ही खंजिरी आमच्या भागात घरोघर पोचवली. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत त्यांचा जन्म, आणि १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं, इतकी त्या भजनांची गावांवर पकड होती. त्या परंपरेतला चांगला गायक आजही ठेका नुसता धरून बसत नाही. ओळीचा अर्थ लोकांपर्यंत पोचला असं दिसलं की तो लय उचलतो. एखादा शब्द ठसवायचा असला की ठोका अडवून धरतो. भजन सुरू होतं त्या लयीत कधी संपत नाही, ते चढत जातं. कानात मेट्रोनोमची टिकटिक सोडली की हे चढणंच बंद होतं. मग शुद्ध, सरळ आणि निर्जीव असं काहीतरी हाती येतं.

गाडगेबाबांचं एक कीर्तन टेपवर उतरलेलं आहे. ते १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात झालं आणि पुढच्याच महिन्यात बाबा गेले. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते आधी ऐकवतो. बाबा प्रश्न टाकतात आणि समोरचा जमाव उत्तर देतो. तांत्रिक अंगाने त्या टेपमध्ये शंभर उणिवा दाखवता येतील. पण जमावाचं उत्तर पुसून बाबांचा आवाज 'स्वच्छ' करायचा ठरवलं, तर कीर्तनातलं अर्धं कीर्तन जाईल.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती माइकच्या पलीकडची आहे. घरी 'डोया', 'काया', 'पोया' म्हणणारा माणूस स्टुडिओतला लाल दिवा लागला की 'डोळा', 'काळा', 'पोळा' म्हणू लागतो. यात सुराचंही नुकसान आहे. 'ळ' म्हणताना जीभ वर टेकते आणि स्वर क्षणभर तुटतो. 'य' वर तो न अडखळता पुढे वाहतो. आमच्या पारंपरिक चाली या वाहण्यावर बेतलेल्या आहेत. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचं 'काळ्या मातीत मातीत' १९८१ सालच्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातून महाराष्ट्रभर पोचलं. अनिल-अरुण यांचं संगीत, सुरेश वाडकर आणि अनुराधा पौडवाल यांचा आवाज. फार सुंदर गाणं आहे ते. वऱ्हाडातल्या पेरणीला मराठी माणसाच्या कानात जागा मिळाली ती त्याने. पण वऱ्हाडचा शब्द मोठा व्हायला मुंबईला गेला, हेही तितकंच खरं. स्टुडिओच वऱ्हाडात यावा, त्याने इथल्या गळ्यापुढे मान तुकवावी, हे अजून व्हायचं आहे.

अमेरिकेत हे झालेलं आहे. १९२७ साली व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर यंत्रं घेऊन ब्रिस्टल या डोंगराळ भागातल्या गावी गेले. तिथे त्यांनी आसपासच्या गायकांना बोलावलं, आणि कार्टर कुटुंब, जिमी रॉजर्स हे कंट्री संगीताचे पहिले मोठे गायक त्यातून जगापुढे आले. पण माझ्या कामाला खरा आधार मिळाला तो विली नेल्सन यांच्या १९७५ सालच्या 'रेड हेडेड स्ट्रेंजर' या अल्बममधून. नेल्सन टेक्सासमधल्या ॲबट गावचे. आजीआजोबांनी वाढवलेला हा मुलगा लहानपणी शेतात कापूस वेचायचा. आमच्या दर्यापूर-अकोटच्या पोराला हे वेगळं सांगावं लागत नाही. नॅशव्हिलच्या कंपन्या तेव्हा कंट्री गाण्यावर व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस चढवत होत्या. नेल्सन तिथून टेक्सासला परतले आणि गारलंड गावातल्या एका स्टुडिओत आपल्या नेहमीच्या साथीदारांना घेऊन गायले. नायलॉनच्या तारांची जुनी गिटार, बहीण बॉबीचा पियानो, हार्मोनिका, आणि मधेमधे मोकळी जागा. कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाटलं, हा नुसता नमुना असेल, खरं रेकॉर्डिंग पुढे व्हायचं असेल. करारात अंतिम शब्द नेल्सन यांचा होता म्हणून अल्बम तसाच निघाला. त्यातलं फ्रेड रोझ यांचं जुनं गाणं, 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन', कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

मला त्या अल्बमची बांधणी त्याहून मोलाची वाटते. बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून करून भटकणाऱ्या एका धर्मोपदेशकाची ती कथा आहे, आणि एक धून मधूनमधून परत येत राहते. कीर्तन ऐकत वाढलेल्याला ही रचना लगेच ओळखू येते: आख्यान पुढे सरकतं, धून माणसं गोळा करते, पुन्हा आख्यान. आपल्याकडच्या कॅसेटींत आणि आताच्या यूट्यूबवरच्या गाण्यांत हेच हरवलंय. सुटी गाणी एकामागे एक लावली म्हणून अल्बम होत नाही.

म्हणून हल्ली मी मंडळांना स्टुडिओत बोलावण्याऐवजी यंत्रं घेऊन गावात जातो. देवळाचा सभामंडप किंवा कौलारू घराची ओसरी बघतो. सिमेंटच्या स्लॅबखाली चकत्यांचा आवाज घुमतो, कौलांखाली तो निवतो. गायकाच्या छातीसमोर, खंजिरीच्या किंचित वर एक माइक, आणि मागे बसलेल्या मंडळींसाठी दुसरा. सगळे एकत्र गातात आणि चुकलं तर सगळे पुन्हा गातात. नंतर सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर मी लावत नाही. दोन सुरांमधली जी ओढ असते ती त्यात आधी मरते.

माझ्या मनातला वऱ्हाडचा अल्बम वर्षाच्या क्रमाने जाईल. पेरणीआधीच्या पहाटेची जात्यावरची ओवी आधी, एकाच म्हातारीच्या आवाजात, जात्याच्या घरघरीसकट. मग पोळ्याच्या झडत्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांसह. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी टिपऱ्यांवर म्हणतात ती भुलाबाईची गाणी, झाकलेली खिरापत ओळखण्याच्या गोंधळासकट. आश्विन वद्य पंचमीला मोझरीत महाराजांची पुण्यतिथी असते, तिथली खंजिरी. आणि शेवटी कापसाच्या पहिल्या वेचणीला ओट्यात कापूस भरता भरता बाया गुणगुणतात ते. भुलाबाई आणि खंजिरीचं रेकॉर्डिंग झालं आहे. वेचणी या दिवाळीनंतर लागेल, तेव्हा अकोटकडच्या एका शेतात माइक नेण्याचं ठरलं आहे. जात्यावर गाणारी आजी मात्र अजून शोधतो आहे. कुणाच्या घरी असेल, तर पुढच्या पेरणीपर्यंत कळवा.