दाताचं मूळ आणि निकाहची तारीख

दातांच्या दवाखान्यात आजकाल आधी एक छोटा सिनेमा दाखवतात. पडद्यावर आपल्याच लेकीचे पुढे आलेले दात सरकत सरकत रांगेत येतात. मिनिटभरात काम फत्ते. आम्ही दोघांनीही तो पाहिला आणि खूश झालो. पण दात कुठून कुठे जायचा, एवढंच त्या चित्रात असतं. त्याला किती जोराने ढकलायचं, आणि हाडातलं मूळ त्याच्याबरोबर येणार का, हे त्यात नसतं.

थोरलीच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढून, त्या जागेत पुढचे दात मागे घ्यायचं ठरलं होतं. तारांऐवजी प्लास्टिकचे पारदर्शक अलाइनर. मध्येच तिचं नातं जमलं, निकाहची तारीख पाच महिन्यांवर आली आणि घरात मशविरे सुरू झाले. चाची म्हणाल्या, "दहा दिवसांचा ट्रे पाच दिवसांत बदला की! फोटोत दात नीट दिसायला नकोत का?" आपल्याकडे मुलीचे दात हा सगळ्या खानदानाचा विषय असतो. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. का नाही, हे आम्हाला उलगडून सांगितलं आमच्या भाच्याने. तो मेकॅनिकल इंजिनिअर. गेल्या शतकाच्या मध्यावर विमानांचे पंख तपासायला जे गणित पुढे आलं, त्या 'फायनाइट एलिमेंट' पद्धतीवर तो रोज काम करतो. हेच गणित आता दातांनाही लावतात.

स्कॅनवरून दात, मूळ आणि हाड यांचा आकार घेतात. संगणक त्याचे लाखो बारीक तुकडे पाडतो आणि हाड किती ताठ, प्लास्टिक किती लवचीक, हे प्रत्येक तुकड्याला सांगितलं जातं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरचा एक मऊ पडदा असतो, तोही धरतात. मग त्यावर अलाइनर चढवतात. ट्रे मुद्दामच दाताच्या आजच्या जागेपेक्षा पाव मिलिमीटरच्या आत-बाहेर पुढचा बनवलेला असतो. तो ताणला जातो, मूळ आकारात परत यायला बघतो आणि त्या धडपडीत दाताला ढकलतो. दाब कुठे किती पडला, ते पडद्यावर रंगांत दिसतं; जास्त दाब तिथे लाल.

मातीत रोवलेली खुंटी वरून ढकलली तर ती सरळ सरकत नाही, कलते. दाताचंही तसंच. ट्रे फक्त वरचा भाग पकडतो, म्हणून वरचा भाग आत येतो आणि मुळाचं टोक उलट बाहेर ढकललं जातं. उपदाढ काढलेल्या रिकाम्या जागेपाशी तर ट्रे वाकतो. पुढचे दात आत कलून खाली उतरतात, मागच्या दाढा पुढे झुकतात. दातांवर चिकटवलेले ते छोटे उंचवटे यासाठीच असतात, ट्रेला पकड मिळून मूळही सोबत यावं म्हणून. चाचींना ते उंचवटे अजिबात आवडलेले नाहीत.

जोर तरी किती लागतो? दात नुसता कलवायला ३५ ते ६० ग्रॅम, मुळासकट सरकवायला ७० ते १२० आणि हिरडीकडे आत दाबायला अवघे १० ते २० ग्रॅम, म्हणजे दहा-पंधरा बदामांचं वजन. दाब पडतो त्या बाजूचं हाड शरीर हळूहळू विरघळवतं, दुसऱ्या बाजूला नवं घालतं. जोर वाढवला तर त्या पडद्यातला रक्तपुरवठा थांबतो, तिथला भाग मरतो, आणि शरीर तो साफ करेपर्यंत दात जागचा हलत नाही. मुळाचं टोकही झिजू शकतं. झिजून आखूड झालेलं मूळ पुन्हा वाढत नाही. फोटो एका दिवसाचा आणि मूळ जन्मभराचं, त्यामुळे आम्हाला पुढे काही विचारावं लागलं नाही.

भाच्याने एक गोष्ट लपवली नाही. बहुतेक मॉडेलं ट्रे चढवल्याच्या पहिल्या क्षणाचाच हिशेब करतात. तोंडात गेल्यावर प्लास्टिक ढिलं पडतं, पहिल्या दिवसातच त्याचा बराच जोर ओसरतो आणि प्रत्येकाचं हाड वेगळं. म्हणून डॉक्टरांची नजर लागतेच. शिवाय दिवसाचे २० ते २२ तास ट्रे दातांवर हवा, नाहीतर गणित कितीही अचूक असो, व्यर्थ. रमजानात हे तास भरणं सोपं गेलं. सहरी आणि इफ्तारलाच ट्रे निघे. मात्र ट्रे घालून सरबत प्यायचं नाही, साखर आतच अडकून राहते, हे धाकट्यांना दहादा बजावावं लागलं. ताईला आग्रह तेच करत.

तारीख बदलली नाही आणि ट्रेचे दिवसही कमी केले नाहीत. निकाहच्या आठवड्यात अठरावा ट्रे येतो, असं तिने डायरीत लिहून ठेवलं आहे. वलीमाच्या जेवणाला ट्रेची डबी सोबत न्यायची आठवणही त्याच पानावर आहे.