बारावा कोण, तेरावा कोण?

हार्बरच्या गाडीत पनवेलच्या आधीचं स्टेशन म्हणजे खांदेश्वर. एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी. ऑफिसात कुणी पत्ता विचारला की आम्ही सरळ 'न्यू पनवेल वेस्ट' म्हणून मोकळे होतो, नाहीतर समजावण्यात लंच टाइम संपतो. सिडकोचे सेक्टर, खांदेश्वराचं देऊळ, शेजारचं तळं आणि सेक्टर ११ मधलं सीकेटी, म्हणजे चांगू काना ठाकूर कॉलेज. कॉलेजच्या पोरांमुळे कॉलनीला संध्याकाळी जी जान येते ना, ती मॉलमध्ये शोधून सापडणार नाही.

परवा शनिवारी वडापाव खात खात एका मोकळ्या मैदानाशी थबकले. कबड्डीची प्रॅक्टिस चालली होती. पोरं बहुतेक आसपासच्या गावांतली. ज्यांच्या घरची शेती सिडकोत गेली, त्यांच्या घरात कबड्डी मात्र अजून आहे. पंधरा-सोळा जण घामाघूम आणि बाजूला वही घेऊन सर. वहीत बारा ओळी.

बाराच का? मॅटवर सात, बाकावर पाच. बस्स. आणि खरं डोकं त्या पाचांतच लागतं, बॉस! डावा कॉर्नर जखमी झाला तर उजव्याला तिथे सरकवून भागत नाही. पकडीचा हात, पाय, अंदाज सगळं उलटं होतं. मग जादा कॉर्नर किती? रेडर किती? एखादा ऑलराउंडर घेतला तर दोन जागांची सोय होते, पण असा पोरगा मिळतो कुठे? सर म्हणाले, "खेळणारे सात मी झोपेतसुद्धा सांगेन. झोप उडते ती बाराव्यासाठी."

माझा मावसभाऊ टेक्सासला शिकतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर हसायलाच लागला. तिकडचं कॉलेज फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचं ते, याच हिशोबावर चालतं. मैदानात एका वेळी अकरा, पण हल्ला करणारे वेगळे, अडवणारे वेगळे, नुसती किक मारणारे आणखी वेगळे. प्रत्येक जागेमागे दुसरा-तिसरा तयार ठेवावा लागतो. म्हणून सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजांना १९९४ पासून ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती. बाकीची पोरं स्वतःची फी भरून टीममध्ये राहायची. २०२५ मध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता स्कॉलरशिप हव्या तितक्या देता येतात, पण टीममध्ये नावं १०५ च. झालं, फी भरणाऱ्यांवरच कुऱ्हाड. शेवटी जज क्लॉडिया विल्केन यांनी अडून धरलं, तेव्हा नाव कापलेल्यांना मोजणीबाहेर ठेवून परत घ्यायची मुभा मिळाली.

मैदानावरच्या या पोरांसाठी भांडायला कोण जज येणार? इथे वही बंद झाली की विषय संपला. स्कॉलरशिप तर दूरच, केळी आणि चण्यांचा खर्चही पोरं आपसात वाटून घेतात. तरी बारात नाव हवंच. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला ठरावीक स्पर्धेतलं पदक लागतं आणि पदकाच्या वाटेवरचं पहिलं दार म्हणजे ही वही. मला विचाराल तर बाकावर आणखी दोन खुर्च्या टाकायला काय हरकत आहे? पण मला विचारतंय कोण!

अंधार पडला तशी पोरं पांगली. एकटाच मॅटचे तुकडे गोळा करत होता. तेरावा. रोज पाचला येतो, सगळ्यांच्या आधी.

"उद्या रविवार. उद्याही येणार?"

"येणार ना." मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "लेफ्ट कॉर्नरचा गुडघा दुखतोय, ताई."