शेवंतीची रात्र



हत्ती नक्षत्राचा पाऊस ओसरला की आमच्या नांदुऱ्यात उन्हाला पुन्हा धार चढते. दुपारी दार उघडवत नाही, पहाटे मात्र पातळ चादर लागते. अंगणही याच दिवसांत बदलतं. तेरडा पिवळा पडतो, हात लागला की त्याची बोंडं टचकन फुटतात. प्राजक्ताचा सडा रोज थोडा कमी होतो. झेंडू दसऱ्याच्या तोरणात जातो, उरलेला दिवाळीला. मग पाळी शेवंतीची.

शेवंती हे आमच्या हिचं खातं. व्हरांड्यालगतचा वाफा तिचा. मी जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, पण मातीत हात घातला नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला घरचीच फुलं असत.

2024च्या चैत्रात ती गेली. त्या पावसाळ्यात मी तिच्याच पद्धतीने शेणखत घातलं, शेंडे खुडले. झाडं छान वाढली, पण दिवाळी आली तरी एक कळी नाही. गल्लीत सगळ्यांकडे कळ्या धरलेल्या! वाटलं, झाडांनाही कळतं. खरं सांगतो, त्यात थोडं बरंही वाटलं. माझ्या दुःखाला सोबत होती.

अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकणारी नात सुट्टीत आली होती. रात्री पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "आजोबा, व्हरांड्यातला हा लाईट रात्रभर चालू असतो?"

असायचा. ही गेल्यापासून मी तो बंदच केला नव्हता. अंधाऱ्या घरात झोप लागत नसे.

मग तिने सांगितलं. शेवंती रात्र मोजते. शरदात रात्री लांबत जातात. सलग अंधार पुरेसा मिळाला, की शेंड्याला पानांऐवजी कळी धरते. मध्येच उजेड पडला की हिशेब मोडतो. असं दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणं गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखूच्या झाडांवरून मांडलं होतं. फुलशेती करणारे तर बहर लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात म्हणे.

म्हणजे झाडं दुःखात वगैरे नव्हती. मीच त्यांना रात्र होऊ देत नव्हतो.

2025 साली पोळ्यापासून दिवा संध्याकाळी सातलाच बंद करू लागलो. पहिले काही दिवस कठीण गेले. अंथरुणात पडून मुंबई-हावडा लाईनवरच्या गाड्यांचे आवाज मोजत राहायचो. हळूहळू झोप येऊ लागली. दिवाळीत कळ्या दिसल्या. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी परडीभर पिवळी शेवंती निघाली. अर्धी देवाला वाहिली, अर्धी तिच्या फोटोला.

तुमच्या शेवंतीला कळ्या धरत नसतील, तर खताआधी जवळपासचा दिवा बघा. आणि फुलली की मलाही कळवा.